तान्हं बाळ आणि सिनेमागृह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की मोठी मुलं सिनेमासाठी मागे लागतात. घरात चार-पाच महिन्यांचं बाळ असेल तर त्यालाही कडेवर घेऊन सगळं कुटुंब निघतं. “काही होत नाही गं, झोपून जातं ते,” असं शेजारणीपासून सासूबाईंपर्यंत सगळ्या सांगतात. बाळ झोपतं हे खरंच आहे. पण झोपलं म्हणजे त्याला अपाय होत नाही, हा या बाबतीतला सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेतही आवाज आतल्या कानातल्या नाजूक केसपेशींवर तेवढ्याच जोराने आदळतो आणि या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा तयार होत नाहीत. चित्रपटगृहाची ध्वनियंत्रणा बसवताना पडद्यामागच्या एकेका स्पीकरमधून ऐन भरात १०५ डेसिबलपर्यंत आवाज निघू शकेल, असं मानक धरलेलं असतं. साध्या संवादात आवाज याच्या कितीतरी खाली असतो आणि काही ठिकाणी तो मुद्दाम कमीही ठेवतात. मात्र मारामारी, स्फोट किंवा ढोल-ताशांचं गाणं आलं की तो एकदम चढतो. मोबाइल, हेडफोन अशा उपकरणांवर मुलांनी ऐकायच्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा सुचवली आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा धरतात. याच हिशेबाने आवाजाची सरासरी ८७ डेसिबलवर गेली, तर आठवडाभराचा वाटा अडीच तासांत संपतो. आपला एक हिंदी सिनेमा साधारण तेवढाच चालतो. त्यात बाळाच्या कानाची नळी लहान असल्यामुळे उंच पट्टीतले आवाज तिच्यात मोठ्यांच्या कानापेक्षा जास्त तीव्र होतात.

“पोटात होतं तेव्हाही मी सिनेमे पाहिलेत, त्याला सवय आहे,” असंही काही जणी सांगतात. गर्भातल्या बाळाला ऐकू येतं, पण आईच्या शरीरातून आणि गर्भजलातून गाळून आलेलं. विशेषतः उंच पट्टीतले आवाज बरेच अडतात. जन्मानंतर ती भिंत उरत नाही. घरी मिक्सरच्या आवाजात बाळ झोपतं हेही कारण पुरेसं नाही, कारण मिक्सर मिनिटभरात थांबतो.

कानात कापूस किंवा डोक्याला घट्ट कुंची हा आपल्याकडचा ठरलेला उपाय. कुंचीने वारा अडतो, आवाज नाही. कापसाने आवाज अगदी किरकोळ कमी होतो, शिवाय तो निघून बाळाच्या तोंडात जाण्याची भीती. खरा उपयोग होतो तो बाळांसाठी मिळणाऱ्या इअरमफचा. नीट बसणारे इअरमफ साधारण २० डेसिबलच्या आसपास आवाज कमी करतात. ते घरी आधी घालून पाहावेत. बाळ ते ओढून काढत असेल तर थिएटरातही काढणारच.

“सिनेमा यू आहे, मुलांचाच आहे” यानेही फसायला होतं. सेन्सॉरचं प्रमाणपत्र आशयाबद्दल असतं, आवाजाबद्दल नाही. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले. मोठ्या भावंडांसाठी सिनेमा निवडताना ते जरूर पाहावेत, पण बाळाच्या कानासाठी त्यांचा काही उपयोग नाही. लहान मुलांचे ॲनिमेशनपटही दणदणीत असतात. मागची रांग शांत असते हेही अर्धंच खरं. पडद्यामागचे स्पीकर तिथून लांब पडतात, पण बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर स्पीकर असतातच आणि ॲटमॉस ध्वनियंत्रणेच्या पडद्याला तर छतावरही असतात. बाळ बरोबर असेल तर साधा पडदा निवडावा, भिंतीपासून दूर, मधल्या वाटेलगतची खुर्ची घ्यावी आणि बाळ किरकिरायला लागताच उठून बाहेर यावं.

एसीच्या गारव्याने सर्दी होते, असं मानून बाळाला चार दुपट्यांत गुंडाळतात. सर्दी-खोकला गारव्याने नाही, विषाणूंनी होतो आणि ते बंद दालनातल्या गर्दीतून येतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. आपल्याकडे गोवराची लस नवव्या महिन्यानंतर मिळते, म्हणजे त्याआधी बाळाला लसीचं संरक्षण नसतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ आली, ती फार जुनी गोष्ट नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तरी लगेच डॉक्टर गाठावे लागतात. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला गर्दीपासून दूर ठेवण्याची आपली रीत या बाबतीत शहाणपणाची होती.

पडद्याच्या उजेडाने बाळाचे डोळे बिघडतात, ही भीती मात्र सोडून द्यावी. एका सिनेमाने डोळे अधू होत नाहीत. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवू नये, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, ते बोलणं, खेळणं आणि झोप यांच्या काळजीने.

बाहेरचं काहीच आत नेता येत नाही, असं समजून काही आया दुधाची बाटलीही घरी ठेवतात. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा चित्रपटगृहांचा हक्क मान्य केला, पण पालकांबरोबरच्या तान्ह्या बाळासाठी पुरेसं खाणं नेता येतं आणि पिण्याचं पाणी मोफत मिळालं पाहिजे, हेही स्पष्ट केलं. तेव्हा बाळाचं दूध, पेज, पाणी बिनधास्त न्यावं.

आणखी एका गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पाच-सहा वर्षांची ताई अंधारात प्रेमाने बाळाच्या तोंडात पॉपकॉर्न घालते. चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात पॉपकॉर्न अडकू शकतो. घरून निघायच्या आधीच मोठ्या मुलांना हे नीट समजावून सांगायला हवं आणि बाळ त्यांच्या खुर्चीलगत ठेवू नये.

सगळे मिळून गेलो नाही तर मोठ्याला वाईट वाटेल, असं आईवडिलांना वाटतं. मला उलट दिसतं. बाळ आल्यापासून ज्याच्या वाट्याची आई निम्मी झाली आहे, त्याला तिच्याबरोबर एकट्याने तीन तास मिळणं याहून मोठी मौज नाही. बाबा, आजी किंवा मावशी बाळाजवळ थांबू शकतात. अंगावर पिणारं बाळ असेल तर बाबांनी मोठ्याला न्यावं.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर त्याला नेऊच नका. त्यापुढेही गोवराची लस होईपर्यंत थांबता आलं तर उत्तम. न्यायचंच असेल तर कमी गर्दीचा सकाळचा खेळ, साधा पडदा आणि इअरमफ एवढं तरी सांभाळा.