ईश्वरी संकल्प, मानवी कर्तव्य आणि केटरिंगचा अँड्र्यू फुलर

तारण कोणास मिळणार हे ईश्वराने आधीच ठरवले असेल, तर ‘विश्वास ठेवा’ असे कोणालाही सांगण्यात अर्थ काय? अठराव्या शतकात इंग्लंडमधील ‘पर्टिक्युलर’ बॅप्टिस्ट मंडळ्यांपुढे हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. व्यासपीठावरून कोणास काय सांगावे, हे त्यावर ठरत असे. ख्रिस्ताचे बलिदान निवडलेल्यांसाठीच आहे, असे त्या मानीत. (दुसरी शाखा ‘जनरल’ बॅप्टिस्टांची, तिच्या मते ते सर्वांसाठी होते.) त्यातूनच पुढे काही उपदेशकांनी असा निष्कर्ष काढला की, सर्वांना सरसकट हाक देणे हे आपले कामच नव्हे. ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ याचाच हा इंग्रजी अवतार म्हणावा लागेल.

वास्तविक त्यांच्याच १६८९ च्या विश्वासांगीकारात दोन्ही गोष्टी शेजारी आहेत : जे घडते ते ईश्वराच्या संकल्पानुसार, तरीही तो पापाचा कर्ता नाही आणि माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही.

केटरिंगचा पाळक अँड्र्यू फुलर याने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही गाठ सोडवू पाहिली. अमेरिकन विचारवंत जोनाथन एडवर्ड्स याच्याकडून त्याने एक भेद घेतला : नैसर्गिक असमर्थता आणि नैतिक असमर्थता. ज्याचे पाय बांधलेले आहेत, तो चालला नाही तर त्याला दोष देता येत नाही. पाय मोकळे असून ज्याला चालायचेच नाही, त्याचे काय? माणूस या दुसऱ्या प्रकारात मोडतो, असे फुलर म्हणतो. त्याची बुद्धी आणि इच्छाशक्ती शाबूत आहेत. अडते ते मनाच्या ओढीपाशी. म्हणून विश्वास ठेवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरते आणि सर्वांना आवाहन करणे हे उपदेशकाचे. ती ओढ पालटते मात्र ईश्वराच्याच कृपेने. गूढ येथे संपत नाही, आणि फुलरनेही तसा दावा केला नाही.

विल्यम केरी या चर्मकाराने हाच धागा पुढे नेला. परदेशी धर्मप्रसारासाठी ‘साधने’ वापरणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच आहे, असे त्याने १७९२ च्या पुस्तिकेत मांडले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंगमध्ये बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. फुलर तिचा पहिला चिटणीस झाला आणि १८१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ते काम सांभाळले.

केरीच्या साधनांत भाषाही आल्या. बंगालमधील सेरामपूरहून (नगरकडचे श्रीरामपूर नव्हे) त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला. या कामी पंडित वैजनाथ यांचे त्याला साहाय्य होते.