दंड की भाडे? अमेरिकी विद्यापीठांतील मोटारींचा प्रश्न

विद्यापीठ ह्या विषयावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा ग्रंथालये, प्रयोगशाळा, फार तर परीक्षांतील गोंधळ अशा गोष्टींची असते. आम्ही मात्र विद्यापीठाच्या आवारात गाडी कोठे उभी करावी आणि भलत्या जागी उभी केली तर काय होते, एवढ्याच गोष्टीविषयी बोलणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु तो आमच्यापूर्वी एका नामांकित व्याख्यानमालेत येऊन गेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. १९६३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर ह्यांनी हार्वर्ड येथे गॉडकिन व्याख्याने दिली. एवढ्या अवाढव्य विद्यापीठाला एकत्र बांधून ठेवते तरी काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. शिकागोचे रॉबर्ट हचिन्स थट्टेने म्हणत की, विद्यापीठ म्हणजे सुटी सुटी खाती, आणि ती जोडलेली आहेत ती इमारती उबदार ठेवणाऱ्या नळांनी. केर ह्यांनी त्यात भर घातली ती अशी की, जेथे थंडी बेताची आणि मोटारी फार, तेथे प्राध्यापकांना एकत्र ठेवणारी वस्तू म्हणजे गाडी लावायला जागा मिळत नाही ही समाईक तक्रार. श्रोते हसले असतील. पण ज्याच्या हाताखाली अशी अनेक आवारे होती, त्या माणसाचे हे बोलणे होते.

अमेरिकेतील विद्यापीठ म्हणजे पुष्कळदा एक लहानसे गावच असते. रोज सकाळी ह्या गावात हजारो माणसे एकाच तासाला येतात, आणि मोटारीने आलेला प्रत्येक जण आपल्यामागे एक मोठी लोखंडी पेटी दिवसभरासाठी ठेवून वर्गात जातो. ही जागा कोणाला द्यायची, ह्यावर तेथे मोठी वर्णव्यवस्था उभी राहिली आहे. परवान्यांना अक्षरे असतात, रंग असतात. मध्यभागातील जागा प्राध्यापकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या, त्याच्या बाहेरच्या कचेरीतील नोकरांच्या, आणि विद्यार्थ्यांच्या वाट्याला बहुधा अगदी कडेचे मैदान. अपंगांसाठी राखलेल्या जागा ह्या क्रमाबाहेर, आणि त्या तशाच असल्या पाहिजेत. बर्कली येथे तर नोबेल पारितोषिक मिळालेल्या अध्यापकांसाठी स्वतंत्र जागा आहेत, आणि त्यांवर ‘एन. एल.’ अशी अक्षरे असलेले फलक आहेत. पारितोषिकाची रक्कम खर्च होऊन जाते, जागा मात्र टिकते, असा विनोद तेथे सहज होऊ शकेल.

बाकीच्यांचे काय? त्यांनी पैसे भरून परवाना घ्यावयाचा. पण पुष्कळ ठिकाणी परवाना म्हणजे जागेची हमी नव्हे. मिळाली तर त्या मैदानात गाडी लावण्याची ती मुभा, इतकेच. म्हणूनच तेथील लोक त्याला शिकारीचा परवाना म्हणतात. परवान्याने रानात शिरता येते. सावज भेटेलच असे नाही.

येथून आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. आवारात दंडाची चिठ्ठी काचेवर लागते तेव्हा ती शिक्षा असते की भाडे? शब्द दोन आहेत आणि त्यांचे अर्थही दोन आहेत. शिक्षेमागे ‘हे करू नकोस’ असा निषेध असतो. भाड्यामागे ‘पैसे टाक आणि खुशाल कर’ अशी संमती असते. आमच्या मते विद्यापीठांतील दंडाविषयी जे काही भांडण आहे, त्यातले बहुतेक ह्या दोहोंची गल्लत झाल्यामुळे आहे.

रस्त्यावर जागेचे पैसे घेण्याची युक्ती मुळात एका विद्यापीठीय संस्थेतच यंत्रात उतरली, हेही सांगितले पाहिजे. ओक्लाहोमा सिटीत दुकानदार आणि त्यांचे नोकर सकाळीच दुकानापुढची जागा अडवीत, आणि गिऱ्हाइकाला गाडी लावायला कोपरा मिळत नसे. तेथील वृत्तपत्राचे संपादक कार्ल मगी ह्यांनी वेळ मोजणाऱ्या यंत्राची कल्पना काढली आणि ओक्लाहोमाच्या कृषी व यांत्रिक महाविद्यालयातील थ्युसेन आणि हेल ह्या दोघांनी ती प्रत्यक्षात आणली. १६ जुलै १९३५ रोजी पहिले मीटर बसले. दर तासाला पाच सेंट. पुढच्याच महिन्यात एका धर्मोपदेशकाला चिठ्ठी मिळाली. सुटे पैसे आणायला वाण्याच्या दुकानात गेलो होतो, असे त्याने न्यायालयात सांगितले आणि तो सुटला. मीटरइतकीच ही सबबही जुनी आहे. आपल्याकडे ज्याला ‘जॅमर’ म्हणतात, तो चाकाला अडकवायचा लोखंडी सापळा मात्र विद्यापीठातून आलेला नाही. डेन्व्हरच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे फ्रँक मारग ह्यांनी तो घडवला, आणि १९५५ साली त्या शहराने तो वापरात आणला.

आता हिशेब पाहू. समजा, परवान्यापोटी दिवसाला ८ डॉलर पडतात आणि विनापरवाना गाडी लावल्यास दंड ५० डॉलर आहे. तपासनीस त्या मैदानात दहा दिवसांतून एकदाच फिरकतो. तर नियम मोडणाऱ्याला सरासरी रोज ५ डॉलर पडतात, म्हणजे नियम पाळणाऱ्यापेक्षा तीन डॉलर कमी. हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतलेले आहेत. पण असा हिशेब घालणारे विद्यार्थी प्रत्येक आवारात असणारच, आणि गणित शिकवणारी संस्था त्यांना दोष तरी कसा देणार? येथे दंड हा दंड राहिलेला नसतो. तो सवलतीच्या दराचा परवाना झालेला असतो.

पैसे घेतल्याने मनातला संकोचही जातो. इस्राएलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांत नीझी आणि रुस्टिकीनी ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांपैकी सहा पाळणाघरांत थोडासा दंड बसवला. उशिरा येणारे कमी झाले नाहीत, उलट जवळजवळ दुप्पट झाले. पूर्वी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटे. आता त्या वेळेचे पैसे भरले जात होते. पुढे दंड काढून टाकला, तरी गेलेली लाज परत आली नाही.

ह्याचा अर्थ दंडाने काहीच होत नाही असा नव्हे. न्यूयॉर्कमध्ये परदेशी वकिलातींच्या गाड्यांना राजनैतिक संरक्षण असल्यामुळे दंड भरण्याची सक्ती करता येत नसे. १९९७ ते २००२ ह्या पाच वर्षांत अशा दीड लाखांहून अधिक चिठ्ठ्या थकल्या आणि बाकी १ कोटी ८० लाख डॉलरांवर गेली. रे फिस्मन आणि बर्कलीचे एडवर्ड मिगेल ह्यांनी देशवार हिशेब मांडला, तेव्हा काही देशांच्या नावावर एकही थकबाकी नव्हती आणि काहींच्या नावावर माणशी शेकड्याने होत्या. २००२ साली शहराला थकबाकीदारांचे परवाने काढून घेण्याचा आणि त्या देशाच्या मदतीतून रक्कम वळती करून घेण्याचा अधिकार मिळाला. लगेच असे गुन्हे सुमारे ९८ टक्क्यांनी उतरले. दंडाचा आकडा मोठा आहे की लहान, ह्यापेक्षा तो खरोखर वसूल होणार आहे की नाही, ह्याला माणूस अधिक भितो.

विद्यापीठाजवळ वसुलीचे एक हत्यार फार दिवस होते, आणि ते न्यूयॉर्क शहरापाशीही नव्हते. दंड थकला की गुणपत्रक अडकवून ठेवायचे. समजा, एक मुलगी पाच वाजेपर्यंत दुकानात काम करते आणि साडेपाचला तिचा वर्ग असतो. बस तासाला एक. विद्यार्थ्यांचे मैदान टेकडीच्या पलीकडे. ती धावतपळत प्राध्यापकांच्या रिकाम्या जागेत गाडी लावते आणि चिठ्ठी मिळते. दोनदा, तीनदा मिळते; मुदत टळली की वर विलंबशुल्क चढते. वर्षअखेरीस नोकरीसाठी गुणपत्रक मागायला जाते तो उत्तर येते की बाकी भरा. नोकरीवाचून बाकी भरता येत नाही, आणि गुणपत्रकावाचून नोकरी मिळत नाही. ज्या गुणांसाठी ती वर्षभर रात्री जागली, त्यांचा तिने गाडी कोठे लावली ह्याच्याशी काय संबंध? कॅलिफोर्नियात कायद्यानेच हे थांबवले. २०२० पासून तेथे थकलेल्या देण्यापायी गुणपत्रक अडवता येत नाही. ते योग्यच झाले असे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

त्याच राज्यात दंडाविरुद्ध दाद मागण्याच्या तीन पायऱ्या आहेत. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे तिकडे शिकत असल्यामुळे त्या सांगून ठेवतो. चिठ्ठी मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत फेरतपासणी मागता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. निकाल विरुद्ध गेल्यास आणखी २१ दिवसांत त्रयस्थ अधिकाऱ्यापुढे सुनावणी मागता येते. ह्या वेळी दंडाची रक्कम आधी भरावी लागते. ज्याची ऐपत नाही त्याला ती सवलत मागता येते. त्यानंतर ३० दिवसांत न्यायालय. पहिली मुदत हुकली की पुढची दोन्ही दारे बंद होतात. आणि पोराटोरांची तीच नेमकी हुकते, कारण चिठ्ठी गाडीच्या कप्प्यात पडून असते. भाड्याने घेतलेल्या मोटारीवर चिठ्ठी लागली, तर ती गाडी देणाऱ्या कंपनीकडे जाते आणि कंपनी आपले हातकामाचे पैसे लावून भाडेकरूकडे धाडते. मुलाच्या पदवीदानाला गेलेल्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे.

मग हा पैसा जातो कोठे? ह्या प्रश्नाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ज्याने नियम करायचा, त्यानेच पकडायचे आणि पैसेही त्याच्याच तिजोरीत, अशी व्यवस्था असली म्हणजे नियम मोडले जावेत ह्यातच त्या खात्याचा लाभ असतो. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या घटनेत दंडाचे निव्वळ उत्पन्न मोफत सार्वजनिक शाळांना द्यावे असे कलम आहे. विद्यापीठे मात्र गाड्यांचा दंड आपल्याकडेच ठेवीत. शाळा मंडळांनी दावा लावला आणि २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की वसुलीचा खर्च वजा जाता हा पैसा शाळांचा आहे. कॅलिफोर्नियातील राज्य विद्यापीठांसाठी (केर ह्यांचे विद्यापीठ वेगळे, ही त्याहून निराळी संस्था) कायदा असा आहे की, दंडाचे पैसे बससारख्या पर्यायी प्रवासाच्या सोयींसाठी, आवाराबाहेरील वस्तीला होणारा गाड्यांचा उपद्रव कमी करण्यासाठी आणि वसुलीच्या कारभारासाठीच वापरावेत. आम्हांला ही दुसरी तऱ्हा अधिक पटते. जिला जागा मिळाली नाही तिचा दंड निदान तिच्या बसला तरी लागतो. अलास्कातील अँकरेज येथील विद्यापीठाने दंडाऐवजी शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या घेऊन त्या गरजू विद्यार्थ्यांना वाटल्याची बातमी २०१८ साली बरीच गाजली होती. तीही ह्याच जातीची. पण तो सणासुदीचा उपाय झाला.

आता शेवटचा प्रश्न. जागाच वाढवल्या तर? लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डोनाल्ड शूप ह्या अर्थशास्त्रज्ञाने आयुष्यभर एवढाच विषय धरला. त्यांचा मोठा ग्रंथ २००५ साली आला. २०२५ च्या फेब्रुवारीत ते वारले. जेथे २०० गाड्यांचे मैदान होते तेथे ५०० गाड्यांची मजल्यामजल्यांची इमारत उठवली, तर जागा वाढल्या ३००. पण हिशेबात ५०० धरल्या जातात आणि खर्च स्वस्त वाटतो, हे त्यांनी दाखवून दिले. विद्यापीठाला लागून असलेल्या वेस्टवूड वस्तीत त्यांनी पाहणी केली. रस्त्यावर जागा शोधण्यात माणसाची सरासरी ३.३ मिनिटे जात. तीन मिनिटांचे काय एवढे, असे वाटते. पण पंधरा चौकांच्या त्या भागात वर्षाची बेरीज साडेनऊ लाख मैल झाली. पृथ्वीला ३८ प्रदक्षिणा व्हाव्यात इतकी. त्यांचा उपाय असा की, रस्त्यावरच्या जागेचा दर इतकाच ठेवावा की आठांतील सात जागा भरतील आणि एक मोकळी राहील. भाडे उघडपणे भाडे म्हणूनच घ्यावे, म्हणजे दंड मूळच्या कामाला मोकळा राहतो: आगबंबाची वाट अडवणारा, अपंगाच्या जागेत घुसणारा, अशांना शिक्षा करणे.

दर वाढला की पैसेवाला गाडी लावतो आणि गरीब परत जातो, हा आक्षेप शूप ह्यांच्यावर नेहमी घेतला गेला, आणि तो पोकळ नाही. त्यांचे उत्तर त्यांच्याच विद्यापीठात सापडते. तेथे २००० सालापासून विद्यार्थ्यांना आणि नोकरांना ओळखपत्र दाखवून शहराच्या निळ्या बसमधून फुकट जाता येऊ लागले. पहिल्याच वर्षी बसने आवारात येणाऱ्यांची संख्या ५६ टक्क्यांनी वाढली आणि एकेकट्याने मोटार आणणारे २० टक्क्यांनी घटले. तेही ज्या शहरात माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातही मोटारीने जातो अशा शहरात. अर्थात ही पाहणी जेथपर्यंत ती बस जात होती तेथल्या लोकांची होती. पलीकडच्या वस्तीतून, दुकानातले काम आटोपून साडेपाचच्या वर्गाला येणाऱ्या मुलीला अजूनही मोटारच काढावी लागते, आणि तिच्यासाठी संध्याकाळी प्राध्यापकांचे रिकामे मैदान खुले करायला काही आवारांना कसलाच खर्च आलेला नाही.