स्वयंपाकघर
स्वयंपाकघर : अन्न सिद्ध करण्याची, त्यासाठी लागणारे धान्य, पाणी, इंधन व भांडी ठेवण्याची आणि बहुधा भांडी घासण्याचीही घरातील जागा. पाकगृह, पाकशाला, मुदपाकखाना ही तिची अन्य नावे असून पैकी मुदपाकखाना हा शब्द राजवाडे व मोठे वाडे यांतील स्वयंपाकघरास लावीत. विस्तव, उकळते पाणी, धारदार हत्यारे, ओली जमीन व विजेची उपकरणे ही घरातील दुसऱ्या कोणत्याही खोलीत इतक्या जवळजवळ येत नाहीत. तरीही घराचा आराखडा काढताना या खोलीच्या वाट्यास पुष्कळदा उरलेली जागा येते.

महाराष्ट्रात स्थिर वस्तीच्या प्राचीन अवशेषांबरोबर चुलीचे अवशेषही सापडतात. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन (इ. स. पू. सु. १६००–७००) घरांच्या उत्खननात चुली, धान्य साठविण्याचे खड्डे आणि कणग्यांच्या गोल बैठका आढळल्या. अन्न शिजविणे व धान्य साठविणे या दोन क्रिया शेजारी असाव्यात, हे तत्त्व तेथे स्पष्ट दिसते. पुढील काळातील मराठी घरात माजघराच्या आत वा मागच्या बाजूस स्वयंपाकघर असे. जमिनीवर मातीची चूल, तिला जोडून मागाहून मिळणाऱ्या आचेवर पदार्थ गरम ठेवण्यासाठी वैल, भिंतीत कोनाडे व फडताळ, आढ्याला टांगलेले शिंकाळे आणि कोपऱ्यात पाण्याचे हंडे, अशी त्याची मांडणी होती. चिरणे, वाटणे, लाटणे व वाढणे ही सर्व कामे बसून होत. म्हणून विळी, पाटा-वरवंटा, पोळपाट ही साधनेही बैठ्या कामाचीच आहेत. सोवळ्याच्या नियमांमुळे हा भाग येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवीत. परिणामी तो बहुधा अंधारी व कोंदट राही. धूर जाण्यास एखादा झरोका किंवा कौलांतील फट एवढीच सोय असे. वास्तुशास्त्रविषयक ग्रंथांत स्वयंपाकघरासाठी आग्नेय दिशा सांगितली आहे. वर्षातील बराच काळ पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून वारा वाहतो अशा प्रदेशात पूर्वेकडच्या अंगास चूल असली, तर धूर घरात न पसरता बाहेर जातो, एवढी व्यावहारिक उपपत्ती तिला देता येते. मात्र भूखंडाची रचना व वाऱ्याची स्थानिक दिशा न पाहता केवळ दिशेच्या आग्रहाने खिडकी नसलेला कोपरा स्वयंपाकासाठी निवडणे गैर होय.

आखणीचा शास्त्रीय विचार : स्वयंपाकाच्या श्रमांकडे कामाची एक पद्धत म्हणून पाहण्यास अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात प्रारंभ झाला. कॅथरिन बीचर यांनी १८४१ मध्ये गृहव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला आणि १८६९ मध्ये आपली भगिनी हॅरिएट बीचर स्टो यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या ग्रंथात आटोपशीर स्वयंपाकघराचा आराखडा दिला. क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१२ पासून कारखान्यातील कार्यमापनाचे तत्त्व घरकामास लावले. लिलियन गिलब्रेथ यांनी हालचालींच्या अभ्यासावरून ओट्याची उंची व वस्तूंचा क्रम यांचा विचार केला. या प्रयत्नांस बांधकामात मोठ्या प्रमाणावर मूर्त रूप मिळाले ते जर्मनीत. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे शुट-लिहोट्स्की यांनी फ्रँकफुर्ट येथील गृहयोजनेसाठी १९२६ मध्ये सु. १·९ मी. × ३·४ मी. आकाराचे स्वयंपाकघर योजिले. रेल्वेच्या भोजनडब्यातील स्वयंपाकाची जागा त्यांच्यासमोर होती. अशी सु. दहा हजार स्वयंपाकघरे बांधण्यात आली. एका व्यक्तीची पावले वाचविण्यात ही रचना यशस्वी ठरली. परंतु तेथे दुसऱ्या माणसास उभे राहता येत नसे व काम करणारी स्त्री घरापासून तुटून पडे, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. तो रास्त आहे.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९४० नंतरच्या दशकात रूढ झालेली ‘कार्यत्रिकोण’ ही कल्पना आजही आखणीचा पाया मानली जाते. साठा, धुण्याची जागा व शेगडी या तीन बिंदूंना जोडणाऱ्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू सु. १·२ ते २·७ मी. आणि तिन्ही बाजूंची बेरीज सु. ३·६ ते ७·९ मी. असावी, असा तिचा संकेत आहे. त्रिकोणातून घरातील इतरांची येजा होऊ नये, हा तिचा दुसरा व सुरक्षिततेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग. कारण उकळती आमटी उतरवून घेणाऱ्या व्यक्तीस धावत्या मुलाचा धक्का लागणे, हा भाजण्याचा नेहमीचा प्रकार आहे. मराठी घरास हा त्रिकोण जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे शीतकपाटापेक्षा पिण्याच्या पाण्याच्या जागेकडे अधिक फेऱ्या होतात. पोळ्या-भाकऱ्यांसाठी शेगडीला लागून मोकळी जागा अनिवार्य असते. सणावारी दोघीतिघी एकाच वेळी कामास असतात. म्हणून पाणी व पोळ्यांची जागा हे आणखी दोन बिंदू धरूनच मोजमाप करावे.

आकार व मांडणी : भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार जेवणाची जागा वेगळी असल्यास स्वयंपाकघराचे क्षेत्रफळ किमान ५ चौ. मी. व रुंदी किमान १·८ मी. असावी लागते. शेजारी स्वतंत्र कोठी असेल, तर क्षेत्रफळ ४·५ चौ. मी.पर्यंत कमी करता येते. तेथेच जेवावयाचे असल्यास ही मापे अनुक्रमे ७·५ चौ. मी. व २·१ मी. अशी आहेत. उंची किमान २·७५ मी. व मोकळ्या जागेवर उघडणारी किमान १ चौ. मी. खिडकी आवश्यक मानली आहे. मुंबईतील बी. डी. डी. चाळींत (बांधकाम १९२० नंतर) सु. १६० चौ. फुटांच्या एकाच खोलीत संपूर्ण कुटुंब राहत असे. तेथे स्वयंपाकघर म्हणजे मोरीलगतचा एक कोपरा. अशा घरांस संहितेची मापे लावण्यात अर्थ नाही, पण चूल दारापाशी नसावी आणि अंथरुणे, पडदे व वाळत घातलेले कपडे ज्वाळेपासून दूर असावेत, हे दोन नियम तेथेच सर्वाधिक महत्त्वाचे ठरतात. आग लागली असता दाराकडे जाण्याची वाट तीमधून नसावी, हे त्यामागील कारण.

ओटा एका भिंतीस, समोरासमोरच्या दोन भिंतींस, काटकोनात अथवा तीन बाजूंनी बांधतात. समोरासमोर ओटे असल्यास मध्ये एका व्यक्तीसाठी ९० सेंमी. व दोघींसाठी १२० सेंमी. अंतर हवे. मध्यम घरास काटकोनी मांडणी सोयीची पडते. उदा., ३ मी. × २·४ मी. खोलीत बाहेरच्या लांब भिंतीस व तिला लागून असलेल्या आखूड भिंतीस ६० सेंमी. रुंदीचा ओटा घातला, खिडकीखाली कोपऱ्यापासून १·२ मी. अंतरावर बेसिन, आखूड भिंतीच्या मध्यावर शेगडी आणि समोरच्या लांब भिंतीस कपाट ठेविले, तर तीन बिंदूंमधील अंतरांची बेरीज सु. ५·२ मी. होते. ओटा व कपाट यांमध्ये १·२ मी. मोकळी जागा उरते. दार शेगडीसमोरच्या आखूड भिंतीत ठेवल्यास शेगडीपासून सर्वांत दूर जाते. बेसिनच्या पलीकडे सु. दीड मीटर ओटा कणीक मळणे, पोळ्या लाटणे व घासलेली भांडी निथळणे यांस मिळतो. खिडकीखाली बेसिन ठेवण्यात प्रकाशाची सोय आहेच. शिवाय तेथे शेगडी ठेवणे धोक्याचे असते. वाऱ्याने ज्योत विझून वायू तसाच बाहेर पडत राहतो. शेगडीच्या वर छताचा पंखाही याच कारणास्तव नको.

ओट्याची उंची : उभ्याने स्वयंपाक करण्याची पद्धत रूढ झाली, पण ओट्याची उंची मात्र बहुतेक ठिकाणी गवंड्याच्या सवयीने ठरते; ज्या व्यक्तीला त्यावर रोज तीनचार तास काम करावयाचे, तिचे माप कोणी घेत नाही. सपाट पृष्ठावरील कामासाठी हाताच्या कोपरापेक्षा १० ते १५ सेंमी. कमी उंची योग्य असते. सु. १५२ सेंमी. उंचीच्या स्त्रीचे कोपर जमिनीपासून सु. ९५ सेंमी. वर असते, म्हणजे तिच्यासाठी ओटा ८० ते ८५ सेंमी. हवा. कणीक मळणे व लाटणे यांत अंगाचा भार द्यावा लागतो, म्हणून ती जागा आणखी ५ ते ७ सेंमी. खाली असल्यास खांदे दुखत नाहीत. याउलट बेसिनचा तळ ओट्याच्या खाली जात असल्याने वाकावे लागते व पाठ भरून येते. त्यामुळे बेसिनची कड ओट्यापेक्षा किंचित उंच घेतलेली बरी.

शेगडीच्या बाबतीत होणारी चूक अधिक गंभीर असते. ८२ सेंमी. ओट्यावर सु. १३ सेंमी. उंचीची शेगडी व तिच्यावर २० सेंमी. उंच पातेले ठेविले की, पातेल्याचे तोंड सु. ११५ सेंमी.वर, म्हणजे कोपराच्या बरेच वर जाते. पुरण आटविताना किंवा पिठले घोटताना हात उचलून धरावा लागतो, आत दिसत नाही, वाफ चेहऱ्यावर येते व ढवळताना पातेले कलंडण्याचा संभव असतो. शेगडीपुरता ओटा १० ते १५ सेंमी. खाली बांधणे हा यावर सोपा उपाय आहे. बांधतानाच केल्यास त्यास फारसा वेगळा खर्च येत नाही.

इंधन व वायुवीजन : लाकूडफाटा व गोवऱ्यांच्या धुराचा प्रश्न सोडविण्याचे प्रयत्न जुने आहेत. वर्धा येथील ग्रामोद्योग चळवळीतून मगन चूल पुढे आली. हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये निर्धूर चुलीवर पुस्तिका प्रसिद्ध केली. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला. धुराडे वेळोवेळी साफ न केल्यास चूल पुन्हा धुरकट होते, हे या चुलींच्या वापरात वारंवार दिसून आले. प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने (२०१६) ग्रामीण घरांत सिलिंडर पोहोचला, तरी पाणी तापविण्यास व भाकरीस चूल अनेक घरांत राहिली आहे. येथे विशेष दक्षता हवी. द्रवीकृत खनिज तेल वायू हवेपेक्षा सु. दीड ते दोन पट जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो व खोलगट जागी साचतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर चूल पेटलेली असेल, तर तो तेथवर जाऊन पेट घेऊ शकतो. यासाठी चूल व सिलिंडर एका खोलीत असू नयेत. शेगडी जमिनीवर मांडून बसून स्वयंपाक करणे हेही असुरक्षित होय. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंच जागी असावी. म्हणून गॅस घेताना ओटा ही पहिली गरज ठरते. सिलिंडर उभा ठेवावा. तो ओट्याखालच्या कपाटात असल्यास कपाटाला तळाशी जाळी हवी, खोलीलाही जमिनीलगत हवेचा मार्ग हवा. रबरी नळी पाच वर्षांनी, चिरा दिसल्यास त्यापूर्वीच, बदलावी.

नळाने येणारा नैसर्गिक वायू (मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीमार्फत तो मिळतो) मुख्यतः मिथेन असून हवेपेक्षा हलका असतो. तो छताशी साचतो. अर्थात त्यासाठी हवेचा मार्ग वरच्या बाजूस ठेवावा लागतो. सिलिंडर जाऊन नळ आला की, ही अदलाबदल करावयाची राहून जाते. कोणत्याही वायूचा वास आल्यास झडप बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. दिव्याचे बटण लावू वा बंद करू नये, कारण त्यातील ठिणगी पुरेशी असते. वायू स्वतः गंधहीन असून हा वास सावधगिरीसाठी मिसळलेल्या गंधकयुक्त संयुगाचा असतो. सिलिंडरच्या गळतीची सूचना १९०६ या क्रमांकावर देता येते.

भाजण्याचे अपघात : स्टॉकहोम येथे १८९२ मध्ये निघालेला दाबाचा स्टोव्ह भारतात घरोघर पोहोचला आणि त्याबरोबर भडक्याने भाजण्याचे अपघातही. गॅसच्या शेगडीने ते कमी झाले, पण पदर वा ओढणी पेटण्याचा धोका टळला नाही. त्याचे कारण पुष्कळदा मांडणीतच असते. मीठ-मसाल्याचे डबे, चहा-साखर शेगडीच्या मागील फळीवर ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ते घेण्यासाठी दिवसातून दहावीस वेळा ज्वाळेवरून हात न्यावा लागतो व कृत्रिम धाग्याचे वस्त्र पेटून अंगास चिकटते. रोज लागणारी एकही वस्तू शेगडीच्या वर किंवा मागे नसावी, या एका नियमाने जेवढे अपघात टळतील, तेवढे महागड्या उपकरणांनी टळणार नाहीत. शेगडीच्या दोन्ही बाजूंस किमान ३० सेंमी. ओटा मोकळा हवा, म्हणजे तापलेले भांडे लगेच टेकता येते. कढईतील तेल पेटल्यास पाणी टाकू नये. पाण्याची वाफ होऊन पेटते तेल उडते. शेगडी बंद करून कढईवर झाकण किंवा ताट सरकवावे व ती निवेपर्यंत हलवू नये.

साठा, पाणी व वीज : नित्याच्या वस्तू गुडघा व डोळे यांच्या दरम्यानच्या उंचीवर, धान्याचे व पिठाचे जड डबे खाली आणि क्वचित लागणारी भांडी वर ठेवावीत. ओट्यावरून हात पोहोचण्याची मर्यादा सर्वसाधारण स्त्रीच्या बाबतीत सु. १७० सेंमी. असते, त्यावरील फळीसाठी स्टुलावर चढावे लागते. विळी व खवणी यांची पाती वापरानंतर मिटवून मुलांच्या हाताबाहेर ठेवावीत, व विळीवर बसण्याची जागा वाटेत नसावी. जमिनीवरील मोरीचा उंबरठा अंधारात ठेच लागण्याइतका बसका नसावा. चकचकीत फरश्या ओल्या झाल्यावर निसरड्या होतात; शहाबादी किंवा खरबरीत पृष्ठाची फरशी येथे चांगली. विजेची जोडणी बेसिनपासून दूर व ओट्याच्या पृष्ठापेक्षा उंच घ्यावी. तीस भूसंपर्क आणि ३० मिलिअँपिअर गळतीस प्रवाह तोडणारे साधन आवश्यक आहे. दिवा खोलीच्या मध्यावर असल्यास काम करणाऱ्याची सावली नेमकी सुरीवर पडते. तो ओट्याच्या पुढच्या कडेच्या वर हवा.

वृद्ध किंवा अपंग व्यक्ती स्वयंपाक करीत असल्यास ओट्याचा सु. ७५ सेंमी. उंचीचा एक भाग खाली गुडघे जातील असा मोकळा ठेवतात, त्यामुळे खुर्चीवर किंवा चाकांच्या खुर्चीत बसून निवडणे, चिरणे व लाटणे ही कामे करता येतात. शेगडीची बटणे अशा वेळी पुढील बाजूस असणे इष्ट. घरात लहान मुले असल्यास मात्र त्यांवर झाकण बसवावे लागते.