आजीची ओवी कोण लिहून घेणार?

तळवड्याच्या वसाहतींतून दुपारी फेरफटका मारलात, तर दाराशी, जिन्याच्या पायरीवर किंवा गॅलरीत बसलेल्या आज्या तुम्हांला दिसतील. कोणी खानदेशातून आलेली, कोणी मराठवाड्यातून, कोणी याच इंद्रायणीकाठी जन्मलेली. मुलगा चाकणच्या कारखान्यात, सून कामावर, नातवंडे शाळेत. गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरलेला असतो, रक्तदाबाचे आकडे वहीत उतरवलेले असतात. आजीला काय काय येते, याची नोंद मात्र बहुतेक घरांत कोणत्याच वहीत सापडत नाही.

आपल्याच शहरात चिंचवडच्या संभाजीनगरात बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचे प्राणिसंग्रहालय आहे. नातवंडांचे बोट धरून तुम्हीही तेथे गेला असाल. (तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई त्या वेगळ्या, देहू हाकेच्या अंतरावर असल्याने हा घोटाळा सहज होतो.) ह्या बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म 1880चा. तेराव्या वर्षी लग्न, तरुणपणीच वैधव्य, पदरी मुले आणि समोर शेती. लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही जात्यावर बसल्या की गाणे, पेरणीला गेल्या की गाणे, झाडावरचे सुगरणीचे घरटे दिसले तरी गाणे. कोणाच्या आश्रयाची वाट न पाहता त्यांनी संसार ओढला आणि कोणाच्या शाबासकीची वाट न पाहता गाणी रचली. स्वतःला कवयित्री म्हणवून घ्यावे, असे त्यांच्या मनात आल्याचे दिसत नाही.

ती गाणी आज आपल्यापर्यंत आली, याचे कारण अगदी साधे आहे. घरात टिपून घेणारे कोणी तरी होते. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी. आईच्या तोंडचे शब्द कागदावर उतरलेले त्यांच्यापाशी राहिले. 1951 साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्रे यांना दाखविले आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ हा संग्रह निघाला. म्हणजे महाराष्ट्राने त्यांना ओळखले, तेव्हा त्या हयात नव्हत्या. जे टिपले गेले तेवढेच उरले; बाकीचे त्यांच्याबरोबरच गेले.

याहून मोठे काम पुढे पुण्याजवळच्या मुळशी-मावळच्या डोंगराळ गावांतून सुरू झाले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघा अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे राज्यभरातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्या गाणाऱ्या कोणी नामवंत कलावती नव्हत्या. तुमच्या घरातल्या आजीसारख्याच होत्या.

याचा आरोग्याशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. 1963 मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने असे मांडले, की उतारवयात मागच्या आयुष्याकडे वळून पाहणे ही निव्वळ बडबड किंवा बुद्धीचा ऱ्हास नव्हे. ती मनाची स्वाभाविक आवराआवर असते. स्मृतिभ्रंशातही सकाळी काय खाल्ले हे लवकर पुसले जाते, पण लहानपणी पाठ झालेले गाणे आणि हातात मुरलेले काम पुष्कळदा अधिक काळ टिकते. आठवणी काढल्याने आजार बरा होत नाही, हे स्पष्ट सांगावयास हवे. परंतु दिवसातली वीस मिनिटे अशी मिळतात, की त्यांत ती रुग्ण नसते, जाणकार असते.

“आजी, ओवी म्हणा ना,” असे एकदम म्हटलेत तर “मला मेलीला काय येतंय?” हेच उत्तर मिळेल. गाणे गळ्यात नव्हते, कामात होते. जाते गेले आणि पिठाची गिरणी आली, तसे तेही मुके झाले. म्हणून आधी हाताला काही द्या. सुपात मूठभर गहू द्या, वाती वळायला कापूस द्या. जुनी वाकळ मांडीवर पसरून कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, एवढेच विचारा. सुईत दोरा ओवून ठेवा, उजेड खिडकीचा असू द्या. गुडघे वाकत नसतील, तर रांगोळीसाठी पाट मेजावर ठेवा. शक्यतो सकाळची वेळ निवडा. स्मृतिभ्रंश असलेल्यांचा गोंधळ संध्याकाळी वाढू शकतो. कानाचे यंत्र लावले आहे ना, तेही पाहा.

येथे प्रेमळ घरांतच एक गोष्ट बिघडते. “तुम्ही बसा, आम्ही करतो,” म्हणून आपण हातातले काम काढून घेतो. जिने आयुष्यभर स्वतःच्या बळावर शेत राखले, तिला हे सुख वाटत नाही. गॅस, विळी, ओली फरशी यांपासून जपावे, हे खरेच. पण वाती वाकड्या झाल्या, टाके लांब पडले, म्हणून कोणाचे काही अडत नाही.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद करा आणि मध्ये बोलू नका. तिची बोली ‘शुद्ध’ करू नका. बहिणाबाईंच्या गाण्यांचा जीव त्यांच्या खानदेशी बोलीतच आहे. ओळ चुकली तर सुधारू नका. तिच्या परवानगीवाचून ते कोणाला पाठवू नका. सासुरवासाच्या ओव्या सगळ्यांनी ऐकाव्यात, असे तिला वाटेलच असे नाही. मध्येच डोळे भरून आले तर यंत्र थांबवा, जवळ बसा. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप वा जेवण तुटले, किंवा ओळखीच्या घरातच वाट चुकू लागली, तर “वयच झालं” म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा.

आणि प्रत्येक ओवीनंतर एक प्रश्न विचारा: ही तुम्ही कोणाकडून ऐकली? उत्तरात आईचे, आत्याचे, एखाद्या शेजारणीचे नाव येईल. ते नाव आणि गाव त्याच दिवशी, तारीख घालून, रक्तदाबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा.