तेलाचा दुसरा डबा

शाबान लागला की आपल्या घरांत रमजानची यादी निघते. बेसन, हरभऱ्याची डाळ, काबुली चणे, मैदा, साखर, शेवया, खजूर, सरबताची बाटली आणि या सगळ्यांच्या वर तेल. चिखलीतल्या आमच्या घरीही ती निघाली. पण 2025 मध्ये यादी पुरी होण्याआधीच मोबाइलवर एक संदेश आला होता: रमजानात तेल मिळणार नाही, आताच भरून ठेवा. तो कोणी लिहिला, कशाच्या आधारावर लिहिला, काही पत्ता नाही. वर्गात मुलांना आम्ही रोज सांगतो की ऐकलेली गोष्ट पडताळून घ्या. त्या संध्याकाळी मात्र काहीही न पडताळता आम्ही दोघे स्कूटरवर गेलो आणि एका डब्याऐवजी पंधरा लिटरचे दोन डबे घेऊन आलो. एक पायाशी, एक मांडीवर.

दुसऱ्या दिवशी शेजारची भाभी दारात उभी. "बाजी, तुम्हाला तेल मिळालं का? कोपऱ्यावरच्या दुकानात डबे संपले म्हणे. पाऊच आहेत, पण ते वाढवून सांगतोय." आम्ही म्हणालो, "हो, मिळालं." किती मिळालं ते सांगितलं नाही.

तो टंचाईचा दिवस कोणी आणला, याचा विचार नंतर बरेच दिवस आमच्या मनात चालू होता. गाड्या बंद नव्हत्या, पिंपरीच्या बाजारात माल होता. आमच्यासारख्या पंधरा-वीस घरांनी एका संध्याकाळी दुप्पट माल उचलला आणि छोट्या दुकानाची फळी रिकामी झाली. तीन दिवसांनी ती पुन्हा भरलीही. भाव मात्र खाली आला नाही. चढलेला भाव उतरायला वेळ लागतो, हे कुठल्याही गृहिणीला विचारा.

ज्यांना त्या तीन दिवसांत रोजच्या रोज तेल घ्यावे लागते, त्यांचे काय? भाभी त्यांच्यातलीच. माहेर उदगीरकडचे. नवरा कुदळवाडीत भंगाराच्या गोदामात माल निवडायचा. पुठ्ठा वेगळा, प्लास्टिक वेगळे, पत्रा वेगळा. कामावर गेले तर पैसे, खाडा झाला तर काही नाही. 8 फेब्रुवारी 2025 पासून आठवडाभर कुदळवाडी-चिखली भागात अतिक्रमणविरोधी कारवाई झाली. चार हजारांहून अधिक पत्राशेड, गोदामे आणि छोटी वर्कशॉप पाडली गेली. काय कायदेशीर आणि काय बेकायदेशीर, हा वाद इथे आणायचा नाही. आम्हाला इतकेच दिसले की त्याच आठवड्यात शबे बरात आली, पाठोपाठ 2 मार्चला पहिला रोजा, आणि आमच्या गल्लीतल्या कित्येक घरांत हाताला काम उरले नाही. महागाईची चर्चा आपण भावाने सुरू करतो. या घरांत ती मजुरीपासून सुरू झाली.

आता थोडा हिशेब मांडू. आमच्याच दुकानातले, त्याच आठवड्यातले सोयाबीन तेलाचे भाव आम्ही वहीत लिहून ठेवले होते. 200 मिलिलिटरचे पाऊच 34 रुपयांना, म्हणजे लिटर पडले 170 ला. लिटरची पिशवी 148 रुपये. पंधरा लिटरचा डबा 2,130, म्हणजे लिटरला 142. एकच तेल, एकच कंपनी. ज्याच्याकडे एकरकमी दोन हजार आहेत त्याला 142 आणि ज्याच्या खिशात संध्याकाळी चाळीस आहेत त्याला 170. रमजानात चार लिटर तेल लागणाऱ्या घराला या फरकापोटी 112 रुपये जास्त मोजावे लागतात. आटा, साखर, चहापत्ती, कपड्यांचा साबण यांचेही असेच चालते. गरिबाला किराणा स्वस्त मिळतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सगळ्यात महाग किराणा तोच खातो.

सुटे तेल घेऊन हा फरक टाळता येत नाही का, असे आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले. खाद्यतेल सुटे विकायला कायद्याने मनाई आहे. कारण भेसळ, आणि ते कारण खरे आहे. म्हणून पाऊचच घ्यावे लागते. पण पाऊच घेताना एक गोष्ट पाहावी. एक लिटर तेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते. बाजारात 800, 850 ग्रॅमच्या पिशव्याही असतात आणि फळीवर त्या लिटरच्या पिशवीइतक्याच मोठ्या दिसतात. डब्याचेही तसेच. 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा एक नव्हे. लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडे वर भरते. स्वस्त म्हणून आणलेला डबा कधी कधी फक्त हलका असतो. पाकिटावर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत छापणे बंधनकारक आहे. अक्षर बारीक असते, पण मुलांना ते वाचायला सांगा. गणिताचा याहून चांगला धडा आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका राशीत हात घालून पाहतात आणि वरून कोरडे दिसणारे धान्य आतून ओले निघते, तेव्हा ते त्या विक्रेत्याला कसे फटकारतात ती हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पिशवी उलटवून वजन वाचणे हेही राशीत हात घालणेच आहे.

बरे, तेल एवढे महागले कशाने? आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया आणि युक्रेनमधून. 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि पाठोपाठ इंडोनेशियाने एप्रिलअखेर पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा आपल्या कढईला चटका बसला होता, ते आठवत असेल. तो चटका तिकडून आला होता. 2025 चा इकडचा होता. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे आयात शुल्क उपकरांसह साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले. रिफाइंड तेलावरचे पावणेचौदावरून पावणेछत्तीसवर गेले. जानेवारी 2025 च्या सरकारी आकड्यांत तेल आणि स्निग्ध पदार्थांचे भाव वर्षभरात पंधरा टक्क्यांहून जास्त वाढलेले दिसतात. बटाटा जवळपास पन्नास टक्के, लसूण तीस टक्के. भजी आणि समोसा यांच्यावर कोणी राग धरला आहे की काय, असे वाटावे. जिरे मात्र बत्तीस टक्क्यांनी उतरले, पण जिऱ्यावर इफ्तार होत नाही.

शुल्क वाढवले ते सोयाबीनच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण भाभीचा भाऊ उदगीरजवळ सोयाबीनच पिकवतो. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता आणि मराठवाड्यातल्या बाजारांत शेतकऱ्याच्या हाती चार-सव्वाचार हजार पडत होते. बहिणीने चिखलीत तेल महाग घ्यायचे आणि भावाने उदगीरला सोयाबीन स्वस्त विकायचे. मधली वाढ कुठे गेली, हे दोघांनाही कोणी सांगितलेले नाही.

या ठिकाणी आपल्या धर्माने काय सांगितले आहे ते पाहू. मदीनेत भाव चढले तेव्हा काही सहाबांनी प्रेषितांना (स.) विनंती केली की आपण भाव ठरवून द्यावेत. त्यांनी नकार दिला. विकणाऱ्यावरही जुलूम होऊ नये, ही त्यामागची काळजी. पण याच प्रेषितांनी (स.) लोकांना गरज असताना माल दाबून ठेवणाऱ्याला गुन्हेगार म्हटले आहे. सहीह मुस्लिममध्ये ती हदीस आहे. भाव मोकळा, पण साठेबाज मोकळा नाही. आपला देशही साठ्यावर मर्यादा घालतोच. 20 फेब्रुवारी 2025 ला गव्हाच्या घाऊक व्यापाऱ्यांची साठ्याची मर्यादा हजार टनांवरून अडीचशे टनांवर आणली गेली. घरातल्या कपाटाला मात्र कायद्यात मर्यादा नाही.

मग घरात वर्षाचे धान्य भरणे चूक का? अजिबात नाही. प्रेषितांनी (स.) स्वतः आपल्या घरच्यांसाठी वर्षाची बेगमी केल्याची नोंद सहीह बुखारीत आहे. हजरत युसूफ (अ.) यांनी तर सात सुगीच्या वर्षांचे धान्य कणसातच राखून ठेवायला सांगितले. कोकणात पावसाळ्याआधी बेगमी होते, आमच्या सासरीही उन्हाळ्यात गहू भरला जातो. उलेमांनी फरक असा सांगितला आहे की सुगीत, माल भरपूर असताना घेतले तर ती बेगमी. टंचाई असताना किंवा टंचाईच्या आवईवर गरजेपेक्षा जास्त उचलले आणि त्याने वस्तीतल्या लोकांची अडचण झाली, तर गोष्ट वेगळी. आम्ही काही तेल विकायला बसलो नव्हतो, नफा कमावणार नव्हतो. तरीही भाभीला "हो, मिळालं" एवढेच सांगून गप्प बसलो तेव्हा आम्ही कोणत्या बाजूला होतो, हे आम्हाला कळत होते.

हिजरी 18 चा दुष्काळ इस्लामी इतिहासात राखेचे वर्ष म्हणून ओळखला जातो. हजरत उमर (रजि.) तेव्हा खलिफा होते. लोकांना तूप मिळेपर्यंत आपणही तूप खाणार नाही असे त्यांनी ठरवले आणि नुसत्या तेलावर दिवस काढले. पोट गुरगुरायचे, अंगाचा रंग उतरला, पण ते बधले नाहीत. त्याच वेळी त्यांनी बाहेरच्या सुभेदारांना लिहून धान्याचे तांडे मागवले. ही दुसरी गोष्ट आपण व्याख्यानांत कमी सांगतो. उपाशी राहणे हा दुष्काळावरचा इलाज नव्हता. धान्य आणणे हा होता.

आता फित्र्याकडे येऊ. हनफी घरांत फित्रा बहुधा गव्हाच्या मापाने काढला जातो, माणशी पावणेदोन किलोच्या आसपास. आटा चाळीस रुपये धरला तर सत्तर रुपये होतात. मशिदीतून जाहीर होणारी रक्कम साधारण या हिशेबाने असते आणि आपण घरातली माणसे मोजून तेवढे पैसे देऊन मोकळे होतो. त्या सत्तर रुपयांत तेव्हा अर्धा लिटर तेलही येत नव्हते. पाऊचच्या महाग भावात भाभीच्या घरातून जाणारे जास्तीचे 112 रुपये आठवा. दीड माणसाचा फित्रा तिथेच संपला. शरीयतने गव्हाशिवाय जव, खजूर आणि मनुका यांचेही माप दिले आहे आणि ते गव्हाच्या दुप्पट आहे. खजुराच्या भावाने काढला तर माणशी हजाराच्या आसपास जातो. ज्यांच्या घरी इफ्तारला तीन तऱ्हेचे खजूर असतात त्यांनी फित्रा गव्हानेच का मोजावा, हा प्रश्न आम्ही आमच्या घरात विचारला. उत्तर द्यायला सगळेच जरा रेंगाळले. (कोकणातल्या शाफई घरांत रोजच्या खाण्याचे धान्य, म्हणजे बहुधा तांदूळ, पूर्ण एक साअ मोजतात. त्यांचा हिशेब वेगळा येईल.)

आणि वेळेचे. फित्रा ईदच्या नमाजआधी पोहोचला पाहिजे हे सर्वांना ठाऊक आहे, पण तो रमजानात आधीही देता येतो. ईदच्या सकाळी मिळालेल्या पैशांचे किराण्यात काय करणार? दुकाने अर्धी बंद, शेवया संपलेल्या. पंधराव्या रोज्याला मिळाले तर त्या घरची उधारी फिटते, लिटरची पिशवी घेता येते. जकातीचेही तेच. रेशनचीही आठवण करून द्या. कार्ड लातूरचे असो की उत्तर प्रदेशचे, त्यावर माणशी पाच किलो धान्य इथल्या दुकानातही उचलता येते आणि ते मोफत आहे. पण घरातल्या प्रत्येकाचे ई-केवायसी झालेले हवे. रोजंदारीच्या माणसाला अंगठा द्यायला जायचे म्हणजे पुन्हा एक खाडा. आमच्या गल्लीत दोन मुलगे दहावीच्या अभ्यासातून वेळ काढून म्हाताऱ्यांना दुकानापर्यंत नेतात. हे काम जकातीच्या पैशांहून कमी नाही.

राहिला तो दुसरा डबा. पहिल्या रोज्याच्या आदल्या दिवशी आम्ही भाभीला घरी बोलावले आणि तो दाखवला. ती हसली. म्हणाली, "बाजी, मला वाटलंच होतं. पायरीवर तेलाचा डाग होता." फुकट घ्यायला ती तयार नव्हती. मग असे ठरले की हा डबा पाच घरांनी मिळून घेतलेला धरायचा. तीन-तीन लिटर, डब्याच्या भावाने, पैसे ईदनंतर जमतील तसे. पुढच्या डब्याची वर्गणी आतापासून आठवड्याला पन्नास, भिशीसारखी. पिंपरीहून डबा आणायला आमची स्कूटर. मापाला शाळेतला लिटरचा मोजपात्र आणला, तो विज्ञानाच्या कपाटात परत ठेवायचा आहे. भाभीने एकेक बाटली उजेडात धरून रेघ पाहिली आणि चौथ्या बाटलीला आम्हाला थांबवले. दोन बोटे कमी होते. ते भरून दिले.