किक दबली, पण वाढवायची कुठून?

कोळसा खाणी आणि सिमेंट कारखान्याचं गाव म्हणून घुग्घुस ओळखलं जातं. पण गणपती, भीमजयंती किंवा लग्नसराई जवळ आली की इथे आणि आसपास लॅपटॉपवर रात्र रात्र बीट बनत असतात. कुणाला मिरवणुकीसाठी ट्रॅक हवा असतो, कुणाला ऑर्केस्ट्रासाठी कराओके. आणि तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘‘भाऊ, किक दबून राहिली, वाढव न थोडी.’’ भाऊ ड्रमच्या मिडी ट्रॅकचा फेडर वर सरकवतो. किक वाढते, आणि तिच्यासोबत स्नेअर, हायहॅट, क्रॅश असं सगळंच वाढतं. मग खापर फुटतं ते फुकटच्या सॉफ्टवेअरवर.

सॉफ्टवेअर बिचारं सांगितलं तेच करत असतं. घोळ होतो तो मिडी ट्रॅकमध्ये ड्रमचा आवाज भरलेला असतो असं समजल्यामुळे. त्यात आवाजाचा कणही नसतो. असतात ते फक्त हुकूम : अमुक क्षणी, अमुक क्रमांकाचा स्वर, अमुक जोराने वाजव. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर वायरीने जोडून दाखवले गेले. एकाच्या पट्ट्या दाबल्या की दुसरा वाजत होता. वायरीतून तेव्हाही हुकूमच जात होते, आजही तेच जातात. ड्रम खरा वाजतो तो प्लगइनमध्ये किंवा कीबोर्डच्या पोटात.

आता फेडरकडे वळू. मिडीत १६ चॅनेल असतात आणि १९९१च्या जनरल मिडी प्रमाणानुसार अख्खा ड्रमसेट दहाव्या चॅनेलवर बसतो. किकचा क्रमांक ३६, स्नेअरचा ३८, बंद हायहॅटचा ४२, उघड्याचा ४६. क्रमांक वेगळे असले तरी चॅनेल एकच, आणि मिडी ट्रॅकचा फेडर बहुतेक ठिकाणी त्या चॅनेलला कंट्रोलर ७ नावाचा हुकूम पाठवतो. घरातल्या सगळ्या दिव्यांना मिळून एकच रेग्युलेटर बसवावा, तसा हा प्रकार. एकट्या किकची ओळख त्याला नसतेच.

यावर तोडगा म्हणून सांगितला जातो तो दुसरा गैरसमज, आणि तो जास्त चकवणारा आहे : ‘किक एका मिडी ट्रॅकवर टाक, स्नेअर दुसऱ्यावर, झालं काम.’ ट्रॅक वेगळे करणं सोपं आहे. क्युबेसमध्ये ‘डिझॉल्व्ह पार्ट’, लॉजिकमध्ये ‘सेपरेट बाय नोट पिच’ अशा आज्ञा त्यासाठीच दिलेल्या असतात. पण ते सगळे ट्रॅक पुन्हा त्याच वाद्याच्या त्याच दहाव्या चॅनेलला जोडलेले राहिले, तर फेडर दिसायला पाच आणि रेग्युलेटर एकच. किकच्या ट्रॅकने १०० हा आकडा पाठवला, लगेच हायहॅटच्या ट्रॅकने ६० पाठवला, की अख्खा सेट ६०वर येतो. शेवटी बोलेल त्याचं खरं! म्हणूनच गाणं सुरुवातीपासून लावलं की एक आवाज आणि मधूनच लावलं की दुसरा, असा भुताटकीसारखा प्रकार दिसतो.

मग उपाय काय? तीन आहेत, आणि ते एकमेकांची जागा घेत नाहीत.

पहिला, प्लगइनच्या आतला मिक्सर. ड्रमच्या चांगल्या प्लगइनमध्ये प्रत्येक नगाला स्वतःचा फेडर असतो, शिवाय प्रत्येकाचं आउटपुट सॉफ्टवेअरच्या मिक्सरमध्ये वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर काढता येतं. किक सबंध गाण्यात दबत असेल तर हाच रस्ता धरावा. एफएल स्टुडिओ वापरणाऱ्यांना ही अडचण सहसा जाणवत नाही, कारण तिथे किक, स्नेअर, क्लॅप हे नग मुळातच आपापल्या चॅनेलवर बसलेले असतात.

दुसरा, ट्रॅक वेगळे करून प्रत्येकाला प्लगइनची स्वतंत्र प्रत देणं. लॅपटॉपवर भार वाढतो, पण काम चोख होतं.

तिसरा, व्हेलॉसिटी. इथे जरा थांबायला हवं. व्हेलॉसिटी म्हणजे व्हॉल्यूमच, असं बहुतेक जण धरून चालतात. १ ते १२७ हा आकडा फटका किती जोरात बसला ते सांगतो. त्याचं काय करायचं ते वाद्य ठरवतं. नीट बनवलेल्या ड्रम प्लगइनमध्ये हळू, मध्यम आणि जोरदार फटक्यांची वेगवेगळी रेकॉर्डिंग भरलेली असतात. स्नेअरची व्हेलॉसिटी १२०वरून ५०वर आणली तर आवाज कमी होतोच, पण फटक्याची जातही बदलते, करकरीतपणा जातो. उलट किक ऐकू येत नाही म्हणून सगळे फटके १२७वर नेऊन ठेवले तर वादकाच्या हाताचा चढउतारच संपतो. आपल्याकडच्या पुष्कळ बीट थोड्याच वेळात कान विटवतात, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. एखादाच फटका कमीजास्त पडला असेल तर व्हेलॉसिटी बदलावी. नगच दबला असेल तर त्याचा फेडर.

आकडा अर्धा केला म्हणजे आवाज अर्धा झाला, हेही खरं नाही. कंट्रोलर ७साठी जी वक्ररेषा सुचवलेली आहे, तिच्यानुसार १२७चे ६४ केले की पातळी सुमारे १२ डेसिबलने उतरते. कानाला ते निम्म्याहून कमी वाटतं.

जनरल मिडीचे क्रमांक ढोलकीला चालतात, हा आणखी एक भ्रम. त्या प्रमाणातल्या वाद्यांच्या यादीत सतार १०५वी आहे, सनई ११२वी आहे. तालवाद्यांत बोंगो, कोंगा आहेत. तबला नाही, ढोलकी नाही. त्यामुळे ढोलकीची ‘थाप’ कोणत्या क्रमांकावर ठेवायची हे ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवलेलं असतं. एका कीबोर्डवर केलेली फाइल दुसऱ्या प्लगइनवर लावली की थापेच्या जागी काउबेल वाजते ती यामुळे. नकाशा आधी जुळवावा, आवाजाचं नंतर बघावं.

लॅपटॉपवरचा हाच गोंधळ स्टेजवर ऑक्टोपॅडमुळे होतो. झाडीपट्टीतल्या नाटकांपासून लग्नाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत हे वाद्य आता रुळलं आहे. रोलँडच्या एसपीडी-२०ला आठ पॅड, पण बाहेर येणारी लाइन डावी-उजवी एवढीच. साउंडवाल्याला ‘फक्त ढोलाचा पॅड वाढव’ म्हणून ओरडण्यात अर्थ नसतो, त्याच्या हातात ते नाहीच. प्रत्येक पॅडची लेव्हल पॅचमध्ये घरीच बसवून सेव्ह करावी लागते, आणि तीही हेडफोनवर नाही, मोठ्या स्पीकरवर ऐकून.

हवं असेल तर त्याच ऑक्टोपॅडच्या मिडी आउटमधून, इंटरफेस लावून, लॅपटॉपमध्ये जाता येतं आणि तिथे प्रत्येक पॅडला वेगळं आउटपुट देता येतं. ‘मिडी केबलने आवाज मागे पडतो’ म्हणून अनेक वादक हे टाळतात. केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे. एका फटक्याचा हुकूम जायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. उशीर होतो तो लॅपटॉपच्या ऑडिओ बफरमुळे. ४४.१ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर असेल तर तिथेच सुमारे २३ मिलिसेकंद जातात आणि हाताला ते लगेच कळतं. बफर १२८वर आणला तर हा वेळ तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. त्या सेटिंगवर लॅपटॉप तडतडायला लागला तर २५६ करून बघावा.