एक कंठ, दोन साज
पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या गायक फ्रेडी मर्क्युरीला ‘क्वीन’ या रॉक बँडमध्ये ब्रायन मे, रॉजर टेलर व जॉन डीकन या सहकाऱ्यांशी वारंवार हुज्जत घालावी लागे, १९८५ साली ‘मिस्टर बॅड गाय’ हा स्वतंत्र संग्रह काढताना मात्र सारी मुखत्यारी त्याच्या एकट्याच्या हाती आली, आणि माझ्या मते तिथेच घात झाला. त्यातील ‘आय वॉज बॉर्न टु लव्ह यू’ हे गीत सिंथेसायझरच्या गुळगुळीत, नृत्यशालेस साजेशा ठेक्यावर चालते. १९९१ साली तो निवर्तल्यावर उरलेल्या तिघांनी त्याचाच ध्वनिमुद्रित आवाज कायम ठेवून भोवती गिटार व ड्रम नव्याने रचले, तेव्हा १९९५च्या ‘मेड इन हेवन’मध्ये तेच गीत अक्षरशः उसळून उठले. मोन्सेरात काबाये या ऑपेरा-गायिकेसमवेतचा १९८८चा ‘बार्सिलोना’ हा संग्रह मात्र सन्माननीय अपवाद. तो ‘क्वीन’च्या चौकटीत मावलाच नसता.